दगडीपाला

माघ सरतो. कालव्याच्या भिंतीला
पिवळा धोत्रा फुटतो,
पाकळ्या चुरगळलेल्या,
घाईत बिनइस्त्रीच्या अंगात घातल्यासारख्या.

वॉर्ड ऑफिसचा निरोप : सोमवारी साहेब येणार.
सोजरबाई उकिडवी बसून
दांडेकर पुलापासून खुरपं चालवत आलीय.
गाजरगवताला माफी नाही, त्याला तोंडावर पदर घेऊन उपटायचं.
आघाड्याला म्हणते, श्रावणात आला असतास,
दहा रुपये जुडीनं गेला असतास.
घोळ मात्र ओच्यात. रात्रीच्या डाळीत.

हे काय, बारकं, खरबरीत पानाचं?
तिनं अंगठा पुढं केला.
पत्र्यानं कापल्याचा जुना, पांढरा व्रण.
"दगडीपाला. चोळून लावला व्हता.
दवाखान्यात लंबर लागस्तवर रगात थांबलं,
मग डाक्टर माझ्यावरच चिडला."

सोमवारी साहेब आले म्हणे.
काच खाली केली, वर केली.
विजेच्या खांबाच्या बुडाशी
एक फुटकी कुंडी उपडी होती,
तिच्याखाली काय, कुणी विचारलं नाही.

आज कुंडी बाजूला पडलीय.
वीतभर दांडी,
टोकाला सदऱ्याच्या बटणाएवढं पिवळं फूल,
आणि बाई
दोन खांब पुढं गेलेली.