वाटणी

मखमलाबाद रोडला, शाळेमागच्या शेडमध्ये
दर दुसऱ्या रविवारी आमचं मंडळ भरतं.
सतरा माणसं, मध काढायचं यंत्र एकच;
ते कुणाकडे गेलंय त्याची वही शमीम अत्तारकडे.

लहानू भोये पेठकडचे. पहिल्या दिवशी म्हणाले,
"घाई नको. आधी दार वाजवायचं, धुराने."
मी ओझरला विमानांच्या सुट्या भागांवर
एकतीस वर्षं मायक्रोमीटर धरला,
तरी चौकट उचलताना बोटं हलली
आणि डावी पापणी सुजून बंद झाली.
बायको म्हणाली, आता उजव्याने तरी नीट बघा.

फाल्गुनात कांद्याच्या डेंगळ्यांना पांढरे गोंडे आले,
पेटी एका माणसाला उचलेना.
भोये म्हणाले, "आता वाटणी करा."

वाटणी!
आमच्या घरात या शब्दाला कोर्टाच्या जिन्याचा वास येतो:
विहिरीच्या पाण्याचे वार, बांधावरची जांभूळ,
अकरा वर्षं तारखा.
आणि इथे, दिवेलागणीला, माशा परतल्यावर
मी चार चौकटी मोजून
गिरणाऱ्याच्या निकिता थेटेच्या रिकाम्या पेटीत ठेवल्या.
"राणी?" तिने विचारलं.
"ती माझ्याकडेच. तुझ्याकडे अंडी आहेत,
त्या घडवतील."

तीन आठवड्यांनी तिचा फोन.
बोलली काहीच नाही,
मोबाइल पेटीला लावून धरला.
मी ऐकत राहिलो. चहा निवला.

मग थोरल्याचा नंबर काढून ठेवला.
अजून लावलेला नाही.
वहीत मात्र नोंद आहे:
यंत्र, येत्या रविवारपासून, माझ्याकडे.