खालचा कोपरा

दोंडाईच्यात साडेआठलाच ऊन दात दाखवतं.
बाजार समितीच्या जुन्या गोदामासमोर
मी तिपाई उघडली,
आणि गेटातून शिट्टी वाजली.

"ओ भाऊ, आठे फोटो काढाले मनाई शे."
हिलाल अप्पा. वर खाकी शर्ट, खाली लुंगी.
"कोणी सांगं?"
"बोर्ड शे ना."
बोर्ड होता.
त्यावर लिहिलं होतं : येथे वाहने लावू नयेत.
"तेच ते," अप्पा म्हणाले,
"मनाई म्हंजे मनाई."

वीस वर्षं या गावाचे चेहरे काढतोय मी.
फॉर्मांसाठीचे, दोन्ही कान दिसले पाहिजेत असे.
हळदीतल्या नवऱ्या.
वारलेल्या माणसाला त्याच्या रेशनकार्डावरून उचलून
कोट-टायसुद्धा चढवलाय,
जो त्यानं जन्मात घातला नव्हता.
कुणी विचारलं नाही, कुणाला विचारून करतोस?
आणि एक भिंत मागितली तर शिट्टी.

देसले वकिलांच्या टेबलावर
पंख्याच्या भीतीनं प्रत्येक फायलीवर एक दगड.
"इमारत काढ रस्त्यावरून, खुशाल.
चौकातली बैलजोडी काढ,
कायमची उभी आहे, उघड्यावर आहे,
कायदा तुझ्या बाजूनं."
मग चष्मा कपाळावर गेला.
"भिंतीवरचं चित्र मात्र... पुतळा आहे कायद्यात,
चित्र राहून गेलंय. ते ज्यानं रंगवलं त्याचं."

म्हणजे वीट माझी, चुना माझा,
पन्हळीवरची साळुंकी माझी,
अकरा वाजता तिरपी होणारी सावलीही माझी.
फक्त मधल्या तीस फुटांत
पदर नाकाला लावून मिरच्या वाळवणाऱ्या
त्या सात बाया
निंबा पेंटरच्या.

निंबा पेंटर आता ट्रॉल्यांवर नंबर टाकतो.
फ्लेक्स आला तेव्हापासून अक्षरं नाहीत, आकडेच.
मी म्हणालो, परवानगी पाहिजे.
त्यानं ब्रश घासलेटात बुडवला, बराच वेळ ढवळला.
"समितीनं आठव्या बाईवर चुना मारला,
तेव्हा नाही विचारलं कोणी."

आठवी?

"डावीकडे होती. माझी मावशी."
मग म्हणाला, "काढ.
पैसे नको. खालचा उजवा कोपरा आला पाहिजे पण.
तिथं माझं नाव आहे."

खालच्या उजव्या कोपऱ्यात
टरबुजांची हातगाडी, पंक्चर.
तिच्यामागे गेल्या तीन निवडणुकांचे कागद, एकावर एक,
आणि सगळ्या गावाचं पान.
मी गाडी ढकलत होतो, तर मागून बादली आली.
हिलाल अप्पा.
"नाव शे म्हंतस? धू मंग. मी पानी टाकस."
नारळाच्या किशीनं घासलं आम्ही,
मनाई करणारा आणि मनाई झालेला.

नाव नव्हतं.
पापुद्र्याबरोबर कधीच गळून गेलं होतं.
राहिलं होतं "टर", त्यापुढे फोन,
आणि पाच आकडे.

तसंच काढलं.
अप्पांचा एक पाय आलाय फ्रेममध्ये, ओला.
कापू का, विचारलं.
"राहू दे. त्याले मनी परवानगी शे."

प्रिंट घेऊन गेलो तेव्हा निंबानं
नखानं लाल रंगावरून रेघ ओढली.
"यात खरी भुकटी घातली होती मिरचीची.
दोन दिवस शिंकत होतो शिडीवर."
नावाबद्दल काही बोलला नाही.
फक्त आकड्यांवर बोट ठेवलं :
"लागतो का बघ."

लावला.
बाईचा आवाज आला, हा क्रमांक अस्तित्वात नाही.
मी बंद करणार होतो.
त्यानं फोन हातातून घेतला,
कानाशी धरला,
आणि तिचं सगळं ऐकून घेतलं,
मराठीत, हिंदीत, इंग्रजीत,
शेवटपर्यंत.