थांब

फॉर्मचा नववा रकाना:
कुत्रा कशासाठी हवा आहे, थोडक्यात लिहा.
खाली दोन ओळी.

मी लिहिलं, मुलगा पळतो.
मग वाटलं, मुलं पळतातच.
खोडून लिहिलं, हाक मारली तरी वळत नाही.
तेही खोडलं.
शेवटी लिहिलं, गेल्या मार्चात श्रीकर
अक्कलकोट रोडवर दोन ट्रकांच्या मधे उभा सापडला,
दोन्ही हात कानांवर, आणि हसत होता.
ओळी संपल्या होत्या.
हसत होता, हे समासात लिहिलं.

दीड वर्षानं पत्र आलं.
भिशी मी बोली लावून उचलली, तोट्यात.
हजार विड्या वळून हातात जे पडतं
त्यात तिचं तीन दिवसांचं खाणं.
हा हिशोब मी कुणाला सांगितला नव्हता.
शेजारच्या लक्ष्मव्वानं गल्लीला सांगितला:
नळ पाचव्या दिवशी
आणि ह्यांच्या कुत्रीला वाळा घातलेलं पाणी!
वाळा नव्हता.
पाणी माठातलं होतं, ते खरं.

नाव राई. रंग भाजलेल्या शेंगेचा.
इनामदार मॅडम तिला घेऊन पुण्याहून आल्या,
सातरस्त्याला लॉजवर आठ दिवस राहिल्या.
शिकवायचं होतं आम्हाला.
तिला सगळं येत होतं.
चल. बस. थांब. शोध.
आमच्या घरात तेलुगू,
कारखान्यात जी जमेल ती,
श्रीकरच्या तोंडात एकही नाही,
आणि राई तेवढी शुद्ध मराठी.

पट्ट्याचं एक टोक त्याच्या कमरेला,
दुसरं तिच्या जाकिटाला.
तो पळाला की ती खाली बसायची,
सिमेंटच्या पोत्यासारखी.
तो ओढायचा, किंचाळायचा, स्वतःचं मनगट चावायचा.
ती जांभई द्यायची.
पहिला आठवडा मला तिचा रागच आला.
आठ वर्षं मी जे धावून केलं
ते ही बसून करत होती.

एक गोष्ट मात्र फॉर्ममध्ये कुणी विचारली नव्हती.
दुपारी मी ह्यांचा डबा घेऊन कारखान्यात जाते.
श्रीकरला कुकरची शिट्टी सोसत नाही,
पण चोवीस माग एकदम चालू असले
की तो निवतो.
टॉवेलच्या गठ्ठ्यावर गाल टेकून झोपतोसुद्धा.

राई दारातच अडली.
कान मागे, शेपूट पोटाखाली.
शिकलेलं सगळं अंगावरून ओघळून गेलं.
मी म्हटलं, चल.
चल ना गं.
तेलुगूत म्हटलं, रा, रा.
एप्रिलचं ऊन. ती थंडी वाजल्यासारखी थरथरत होती.

आत खटाखट. त्याची खटाखट,
दिवसभर तो जिची वाट बघतो ती.
पट्टा ताणला गेला.
मी मनगटासाठी रुमाल काढून तयार ठेवला.

तो थांबला.
तिच्याकडे बघितलं नाही, तो कुणाकडेच बघत नाही.
पट्ट्याकडे बघितलं, टोकापर्यंत.
मग उंबऱ्याबाहेर, पत्र्याची वीतभर सावली होती तिथं,
बसला. पोत्यासारखा.
आणि त्याचे ते दोन हात
तिच्या कानांवर ठेवले.

डबा पोचवायचाच होता.
मी आत गेले.
त्याच्याकडे पाठ करून, दहा पावलं.
मोजली मी ती.

मागावरची माणसं बोलत नाहीत, खुणा करतात.
ह्यांनी भुवई उडवली: कुठंय?
मी अंगठ्यानं मागे दाखवलं: बाहेर.
बसलाय.
हे दारापर्यंत गेले, तिथंच उभे राहिले,
परत आले आणि आपले दोन माग बंद केले.

बावीस चालूच होते.
आवाज कमी झाला असं म्हणता येणार नाही.
शेठ काहीतरी ओरडला,
ऐकू आलं नाही.