पब्लिकची रेघ

मैदान आखायला चुना लागतो अडीच पोती.
दोन्ही गोल, मधलं वर्तुळ, चार कोपरे
दीडात भागतं.
उरलेलं एक पोतं पब्लिकच्या रेघेचं.

ही रेघ नियमाच्या पुस्तकात नाही.
मी कॉलेजात नवा शिपाई लागलो तेव्हा
ढोमणे सरांनी सांगितली होती:
"चार पावलं सोडजो, उकंडा, अन् मंग मार.
नाही त पोट्टे थ्रो घेऊ देत नाहीत."

डिसेंबरात आंबियाचा तोडा चालू असायचा.
मोर्शीवाले ट्रकात उभे राहून येत.
संत्र्याचे खोके उपडे घालून बसायचं,
हमालाशेजारी बँकेचा कॅशियर.
कंडक्टर शेवटची एसटी वीस मिनिटं अडवून धरी
आणि आतले प्रवासी भांडायचं सोडून
खिडक्यांना लटकत.
कडुलिंबावर सतरा पोरं.
आकडा पक्का आहे. फांदी मोडली त्या साली
सतरा जणांना पाणी मीच पाजलं.

अर्ध्या तासात रेघ पुसट व्हायची.
मी छडी आपटत फिरायचो, "मांगं व्हा, मांगं!"
कोण हलतंय?
दुसऱ्या हाफात ती लोकांच्या पायांना लागून
निघून जायची,
चपलांना, धोतराच्या काठांना.
रात्री पानठेल्यापर्यंत पांढरी पावलं,
तिथून दोन गल्ल्यांत फुटलेली.
हरलो त्या साली ती जास्त लांब गेली होती,
असं मला वाटतं.

भांडण झालं नाही. कोणी रुसलंही नाही.
एका साली खोके उरले.
पुढच्या साली कडुलिंब रिकामा.
मग कंडक्टर वेळेवर निघाला.

सामना दिसतो म्हणे सगळ्यांना.
एक पोरगा तिवईवर मोबाईल लावून बसतो.
समोरच्या भोजनालयात चौघं बघतात.
मान वळवली तर तिथून मैदान दिसतं.
"गोलचा आवाज अथून आधी येते,
मोबाईलात मंग होते गोल,"
लांजेवारांचा लहाना मला हसत सांगतो
आणि मान वळवत नाही.

यंदा नव्या सरांनी हिशोब तपासला.
"उकंडराव, दीड पोतं मागवा.
बाहेरची रेघ कोणासाठी?"
बरोबरच आहे. मी हो म्हटलं.
गोडाऊनच्या कोपऱ्यात मागल्या सालचं अर्धं पोतं होतं,
सादळलेलं. ढेकळं फोडता फोडता
रात्रीचे अकरा झाले.
रेघ बारीक आली, थोडी वाकडी.

काटोलशी सामना.
आमचे अकरा, त्यांचे अकरा, पंच, दोन झेंडेवाले,
राखीव पोरं, मी.
एक बकरी होती, तिला हाकललं.
आमचा गोल झाला. मारणारा हात पसरून
रेघेकडे धावत सुटला,
टीव्हीत पाहिलं असेल,
आणि मधेच थांबून
मोजा वर ओढायला वाकला.

दुसऱ्या हाफात एक बाई आली.
डोक्याला दुपट्टा, हातात डबा,
बोटं संत्र्याच्या सालीनं पिवळी.
"तीन नंबरचा माहा होय.
कुठी उभी राहू जी?"
एवढं मोकळं मैदान,
मला हात कुठे दाखवावा कळेना.
"कुठीबी राहा, बाई."

ती खाली बघत चालत आली.
रेघ दिसली तशी थबकली.
वहाणा चार बोटं मागे घेतल्या
आणि अंग आवरून उभी राहिली,
मागून कोणी रेटत असल्यासारखी.

तिच्याच पोरानं मारलेला चेंडू
बाहेर आला, तिच्या पायाशी थांबला.
तिनं डबा खाली ठेवला, चेंडू उचलला,
आणि पुढे जाऊ की नको
म्हणून माझ्याकडे पाहिलं.
पंच शिट्टी तोंडात धरून थांबलेला.
मी मान हलवली.

तिचा उजवा पाय पांढरा झाला.