लाल लेबल

अरेनीच्या वळणावर टेबलं मांडलेली,
टेबलांवर कोलाच्या बाटल्या, दोन-दोन लिटरच्या,
लाल लेबलं जशीच्या तशी.
आत कोला नाही.
इराणकडं जाणारे ट्रक इथं वेग कमी करतात,
काच खाली येते, बोटं बाहेर येतात: दोन. तीन.
सीमेवर कुणी हटकलंच तर
बघा की साहेब, कोलाच आहे.
रंगही साथ देतो.

वार्दितेरबाईंची वायनरी म्हणजे घराखालची एक खोली.
पाटी नाही, तिकीट नाही.
वाकून आत शिरायचं, डोकं सांभाळायचं.
सांभाळलं, तरी लागलंच.
आत सहा रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत.
पाच सासऱ्यांनी पुरलेले, हमायाक नाव त्यांचं.
सहावा त्यांच्याही आधीचा,
तडा गेलेला.
त्यात आता बटाटे.

मी वही काढते. शिकलेय थोडंफार:
ग्लास फिरवायचा, नाक खुपसायचं,
आलुबुखार, मिरी, ओलं लोखंड
असं काहीबाही लिहायचं.
बाई झाकण सारतात, लांब दांड्याचा डाव आत सोडतात,
खोलवरून बुडुक असा आवाज येतो,
जसं कुणी झोपेत हुंकार दिला.

पहिला घोट तुरट. जांभळं खाल्ल्यावर होते
तशी जीभ जाड, दातांना चिकटलेली.
विचारा ना त्यांना, मी येघिशेला म्हणते
(तो टॅक्सी चालवतो आणि जमेल तसं दुभाषेपण),
या चवीला काय म्हणतात इथं?
दोघांत बरंच बोलणं होतं.
मग तो सांगतो: गारपीट.
म्हणजे?
त्या वर्षी गारपीट झाली. अर्धा मळा गेला. उरला तो हा.

दुसरी, मुलगा क्रास्नोदारला गेला त्या वर्षीची.
लाद्या बसवतो तिकडं. तोडणीला हात कमी पडले,
घड वेलीवरच पिकून गेले, म्हणून गोडसर.
गोड म्हणताना त्यांनी तोंड कडू केलं.

तिसरीच्या वेळी मी वही मिटून ठेवली.
ही कसली?
बाई हसल्या. पहिल्यांदाच.
येघिशेनं खांदे उडवले: म्हणते, त्या वर्षी काही झालं नाही.
कुणी मेलं नाही, कुणी गेलं नाही,
रस्ता चालू होता.
ही त्या विकत नाहीत.
बोटभर ओतली, लव्हाशचा तुकडा पुढं केला, खारट चीज,
आणि मी पीत होते तोवर
माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

निघताना टेबलावरची एक बाटली उचलली.
येघिशे गाडीमागं सिगारेट ओढत होता.
बाईंचा नातू, तातुल, नऊ-दहा वर्षांचा,
माझ्या हातातल्या बाटलीकडं बोट दाखवून काही म्हणाला.
मी मान डोलावली. हो रे, छान आहे.
त्यानं पुन्हा बोट दाखवलं. मग शेजारच्या बाटलीकडं.
मला वाटलं, पोरगं धंद्यात तयार आहे,
दुसरीही खपवतंय.
मी हसून हात हलवला.
गाडी वळेपर्यंत तो तिथंच उभा,
हात अर्धवट वर.

रात्री गोरिसच्या हॉटेलात
दात घासायच्या पेल्यात ओतायला टोपण फिरवलं
आणि बाटली फुसफुसली.

कोला होता.
खराखुरा, गरम, दिवसभर उन्हात ठेवलेला.
शंभर बाटल्यांत दडवलेली त्याची एकच,
कुणाला सापडू नये म्हणून
नेमकी जागा शोधून ठेवलेली.

खिडकीबाहेर ट्रक गिअर बदलत घाट उतरत होते,
प्रत्येकात लाल लेबलं, हलत असतील.
मी पेला फिरवला. नाक खुपसलं.
सगळा प्यायले, तळापर्यंत,
आणि वहीत तिसऱ्या वाइनच्या खाली
लिहायला घेतलं: तातुल.
पुढं चव लिहायची होती.
अजून कोरीच आहे ती ओळ.