कोळ्याची गाठ

सेतुबालच्या बंदरालगतच्या बागेत
लाल-पांढरी फीत मीच बांधली.
आधी झोपाळ्यांना, मग घसरगुंडीला,
मग बाकांना,
शेवटी दगडी टेबलाला, चारी बाजूंनी,
जणू तेच कुठे पळून जाणार होतं.

इतरांची फीत खाडीवरच्या वाऱ्याने दोन दिवसांत सुटायची.
माझी नाही. माझा बाप सार्डिनच्या होडीवर होता.
गाठ मारावी तर अशी, म्हणायचा,
की समुद्रानेही विचारावं, कोणाचा रे तू?
मुकादमबाईंनी माझ्या कामाची तारीफ केली.
मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

त्या टेबलाशी चौघांची गाठ पडायची, रोज, जेवणानंतर.
सुएका खेळायचे. चाळीस पानं, समोरचा तो भिडू.
सत्ती राजाला मारते,
एवढं कळलं की अर्धा खेळ कळला.
खुणा करायच्या नाहीत असा नियम, तरी बेल्मीरो
हुकूम हातात आला की कान खाजवायचा.
अख्ख्या बागेला माहीत होतं.

बंदीत तो एकटाच यायचा,
पिशवीत एक कांदा,
कोणी हटकलं तर दाखवायला.
फितीपासून हातभर लांब उभा राहायचा.
मी म्हणायचो, घरी जा, सेन्योर बेल्मीरो.
तो म्हणायचा, जातोच आहे.
एप्रिलात त्याचा आवाज घोगरा लागला.
मी दोन पावलं मागे सरलो.
"ताप नाही रे," तो म्हणाला,
"तीन दिवसांत आत्ताच बोलतोय."

जूनमध्ये फीत काढायचा आदेश आला.
झोपाळे सुटले, बाक सुटले.
टेबलाच्या गाठी सुटेनात,
उन्हाने प्लास्टिक एकजीव झालेलं.
मी नखं लावली, दात लावले.
तिघं म्हातारे उभे राहून बघत होते.
चौथ्याचं, जर्मानोचं, मी विचारलं नाही.
त्याच्या दफनाला पाचच माणसं सोडायची होती
आणि फाटकावर मोजायला मी होतो.
हे तिघं सहावे, सातवे, आठवे.

शेवटी चाकूने कापली.
बेल्मीरोने कॅट काढला, पिसला,
चार जागी पानं वाटली.
आपली उचलून पाहिली
आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत
सवयीने कान खाजवला.

मग माझ्याकडे न वळताच म्हणाला,
"हातमोजे काढून ये. पानं चिकटतात."