मोरीतला डबा

माल्टचा अर्क काकवीसारखा,
डब्यातून निघता निघेना.
गरम पाण्यात बसवला, तेव्हा कुठे सैल पडला.
तासभर उकळला, बर्फावर निववला,
यीस्ट टाकून झाकण घट्ट केलं,
ओला टॉवेल गुंडाळून मोरीत ठेवला.
ऐरोलीचा एप्रिल, चौतीस अंश.
दर चार तासांनी उठून
त्याच्या कुशीत गोठलेली बाटली ठेवायची.
मृण्मयी म्हणाली, तापाचं पोर आहे का घरात?

हायड्रोमीटर मात्र अण्णांनीच वाचला.
‘डोळा पातळीत आण. खालची कड बघ.’
रबाळ्याची कंपनी बंद पडून अकरा वर्षं झाली,
लॅबमधला आवाज तसाच.
दारूचा थेंब कधी ओठाला लावला नाही त्यांनी.

तिसऱ्या रात्री नळी बोलू लागली. बुडुक. बुडुक.
घरभर पिकलं केळं,
त्यामागून लवंग.

‘काय घातलंस?’
काही नाही अण्णा. गहू, जव, हॉप्स, पाणी.
यीस्टच करतं ते.

मोरीच्या दारात ते थबकले.
‘आयसोअमाइल अ‍ॅसिटेट,’ म्हणाले,
जुन्या सोबत्याला आडनावासकट हाक मारावी तसे.

तेवीस वर्षं हेच पिंपांतून भरलं त्यांनी,
आइस्क्रीमवाल्यांसाठी.
आई शर्ट बाल्कनीतच काढायला लावायची.
शाळेत मला केळेवाला म्हणायचे;
घरी केळं क्वचितच यायचं,
त्यांना वास सहन व्हायचा नाही.

आता स्टूल ओढून बसलेत,
मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून.
‘मिनिटाला एकोणीस.
वहीत लिही. वेळही लिही.’